टाचेतलं इंजेक्शन

माझे वडील, अण्णा, फौजेतून हवालदार होऊन घरी आले आणि आम्हा दोघी बहिणींना पळवायला लागले. नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. आम्ही म्हसवडजवळ राहायचो. मी दहावीत, बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पळणाऱ्या पोरींना पोलिसात घेतात, हे अण्णांनी कुठंतरी ऐकलं होतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेआधी माझी उजवी टाच धरली. पायरी उतरताना डोळ्यांत पाणी यायचं. अण्णा मला एसटीनं सांगलीला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पोटरीची नस टाचेला जिथं मिळते, तिथं सूज होती. डॉक्टरांनी तिथं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. मी किंचाळले तशी अण्णांनी माझं तोंड दाबलं. मग ते डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"परवापासनं पळ म्हणाले."

दुखणं खरंच थांबलं. तिसऱ्या दिवशी मी पळाले, नवव्या दिवशीही. नवव्या दिवशी वळणावर मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं. पडता पडता मी वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं. अण्णा लांबून फौजेतल्या कवायतीसारखे ओरडले, "ऊठ! डबल!" मी उठले, तर पाऊल कापडासारखं लोंबत होतं.

परत सांगली. नस तुटली होती. डॉक्टर चिडून म्हणाले, "या इंजेक्शननं नस कच्ची होते. तीन आठवडे पळायचं नाही, असं बजावलं होतं ना मी?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पोरीनं ऐकलं न्हाई, सायेब. लय हट्टी हाय."

मग डॉक्टर मला बोलले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. ऑपरेशन झालं, दोन महिने प्लॅस्टर होतं. ते काढलं तेव्हा पोटरी मनगटाएवढी राहिली होती. अण्णांनी ती बोटांनी चाचपली, बाजारात जनावर चाचपतात तशी, आणि आईला म्हणाले, "ही गेली. आता धाकटी."

त्यानंतर मी मैदानाच्या कडेला स्टॉपवॉच घेऊन बसायची. बहीण माझ्यापेक्षा चांगली पळायची. तिचं पाऊल जमिनीवर पडताना मी टाचेकडे बघत बसायची आणि मनात म्हणायची, तूट. रोज म्हणायची. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

वर्षभरानं तिचीही टाच धरली. अण्णांना ताप होता, म्हणून तिला घेऊन मीच सांगलीला गेले. तेच टेबल, तसंच इंजेक्शन. या वेळी डॉक्टरांचं बोलणं मी स्वतः ऐकलं. परतताना विट्याच्या स्टँडवर तिला सगळं सांगितलं: तीन आठवडे थांब, अण्णा खोटं बोलतील, माझ्या वेळी बोलले होते.

चौथ्या दिवशी अण्णांनी तिला उठवलं.

"मी न्हाई पळणार. डाक्टर नको म्हणालेत," ती म्हणाली.

अण्णांनी पट्टा काढला. ती मार खात अंगणात बसून राहिली, पण उठली नाही. मग पट्टा माझ्याकडे वळला. "तुजं काम हाय हे!"

तीन आठवड्यांनी तिची टाच बरी झाली. पण तोवर स्पर्धा होऊन गेली होती, आणि अण्णांनी तिचे बूट चुलत्याच्या पोरीला देऊन टाकले होते. तिला त्यांनी परत कधी मैदानावर नेलं नाही. बारावीनंतर तिचं लग्न लावून दिलं. चुलत्याची पोरगी पुढं पोलिसात लागली.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बहीण माहेरी आली होती. आम्ही दोघी कांदे चिरत बसलो होतो. ती वर न बघता म्हणाली, "तुजा पाय गेला, म्हणून माजापण घालवलास."

"तुजी नस तुटली असती."

"तुटली असती, न्हाईतर नसती. तू पळू द्यायचं हुतंस."

विट्याच्या स्टँडवर मी तिच्या काळजीनं बोलले की जळून, हे मलाच नक्की सांगता आलं नसतं. तिनं चिरलेले कांदे ताटात लोटले आणि आईला हाक मारून विचारलं, तेल तापलं का.