न्हाणीतला गॅस गिझर

आमच्या मेहकरच्या घरी गॅसवर चालणारा गिझर आहे. थंडी सरली की तो बंद करायचा आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा लावायचा, अशी वर्षानुवर्षांची सवय. उन्हाळ्यात त्याच्याकडे कोणी बघतही नसे. भर मे महिन्यात इथे गरम पाणी मागणार कोण?

त्या वर्षी सासूबाईंनी मागितलं. टायफॉइडमधून नुकत्याच उठल्या होत्या. पहाटेचं पाणी अंगावर घेतलं की त्यांना हुडहुडी भरायची. "पोरी, थोडं कोमट पाह्यजे मले," त्या म्हणाल्या. माझ्या नवऱ्याने सिलिंडर जोडून दिला आणि सुट्टी असली तरी धाडच्या शाळेत निकालाचं काम होतं म्हणून तो एसटीने निघून गेला. सिलिंडर मागच्या अंगणात, टिनाखाली होता. गिझर मात्र न्हाणीतच, दाराच्या वर. नळ सोडला की तो आपोआप पेटायचा.

दोन-तीन दिवस ठीक गेले. मग एका सकाळी मी कणीक मळत होते. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता, गिझरची भर्रभर्र येत होती, आणि सासूबाई नेहमीसारखं भीमगीत गुणगुणत होत्या. मध्येच त्यांचा आवाज थांबला. गिझर तसाच चालू. आधी वाटलं, साबण लावत असतील. पण थोड्या वेळाने बादली भरून वाहायला लागल्याचा आवाज आला. पाण्याची इतकी टंचाई, थेंबही वाया न घालवणारी बाई नळ असा सोडून ठेवणार नाही.

"आई, झालं का हो?"

उत्तर नाही.

पिठाच्या हातांनीच मी दार वाजवलं. "आई! आवाज द्या!" आत फक्त पाणी आणि ती भर्रभर्र. पडल्या असतील, हृदयाचं काही झालं असेल, हेच मनात येत होतं. गॅसचा वास कुठेच नव्हता. तरी काय सुचलं कोण जाणे, मी मागे धावले आणि सिलिंडर बंद केला. मग भिंतीवरून शेजारच्या काकूंना हाक मारली.

"काऊन वं, काय झालं?"

"सासूबाई आवाज देत नाहीत!"

काकू पहार घेऊनच आल्या. प्लॅस्टिकचं दार, दुसऱ्याच दणक्याला कडी निघाली. आत वाफ भरलेली. सासूबाई पाटावरून भिंतीला टेकून कलंडलेल्या, डोळे अर्धवट उघडे. वरच्या झरोक्यात त्यांचंच जुनं लुगडं कोंबलेलं दिसलं. गरम वारा आणि धूळ आत येते म्हणून त्यांनी ते आदल्या दिवशी लावलं होतं.

आम्ही दोघींनी त्यांना काखेत धरून ओढत अंगणात आणलं. तेवढ्याशा वेळात माझंही डोकं जड झालं होतं. काकूंनी त्यांच्यावर चादर टाकली. मी त्यांच्या नाकाशी हात धरला. श्वास आहे की नाही, कळेना. मग त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि ओकारी काढली. मी तिथेच मातीत बसून रडले.

दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. झोप लागावी तसं माणूस जातं. नंतर मिस्त्रीने गिझर उघडला. इतके महिने बंद राहिल्याने बर्नरच्या नळ्यांत कोळ्यांनी जाळी केली होती. हवा मिळत नसल्याने ज्योत पिवळी जळत होती आणि वरचा पत्रा काजळीने काळा झाला होता.

सासूबाई बऱ्या झाल्या. गिझर आम्ही बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर बसवला आणि पाण्याचा नळ तेवढा आत नेला. आता उन्हाळ्यात तो बंद करताना मी त्यातलं पाणी काढून टाकते, त्याला कापडाने झाकते, महिन्यातून एकदा नळ्या ब्रशने साफ करते. पेटवला की ज्योत निळी आहे का, ते वाकून बघते. तरीही घरात कोणी आंघोळीला गेलं की माझे कान तिकडेच असतात. नवरा आतून ओरडतो, "जिवंत आहो मी!" तो हसतो, मला हसू येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी अशीच नळ्या साफ करत बसले होते. सासूबाई शेजारी शेंगा फोडत होत्या. इतक्या दिवसांत त्या सकाळबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. अचानक म्हणाल्या, "तुहा आवाज मले येऊन राह्यला होता."

"कधी?"

"तू दार वाजवून राह्यली होती तवा. समदं ऐकू येत होतं. पन हात उचलेचना माय. तोंडातून शब्द निघेना. मले वाटलं, आवाज नाही आला म्हनून हे पोरगी आता दारावरून चालली जाईन."

त्यांनी फोडलेल्या शेंगा सुपात ओतल्या आणि त्या आत गेल्या. मी मात्र त्या साफ केलेल्या नळ्या पुन्हा एकदा साफ करायला घेतल्या.