रिकामी चढाई

आमच्या गावच्या कबड्डी संघाची पकड अजूनही भक्कम आहे, पण चढाईला गेलेला प्रत्येक गडी यंदा हात हलवत परत येतो. आमच्या शेजारच्या मालूमावशींना याचा फार त्रास होतो. त्यांचे यजमान याच संघातून खेळायचे. ते गेल्यावरही मावशींनी एक सामना चुकवला नाही. मैदानाच्या कडेला बसून त्या पोरांवर घरच्यासारख्या रागावतात.

काल उपांत्य सामना होता, हरलो की हंगाम संपला. आमचा गडी मध्यरेषा ओलांडायचा, दोन पावलं टाकायचा आणि अंग राखून मागे फिरायचा.

"अरे, हात तरी लाव कुणाला!" मावशी ओरडल्या.

पुढचाही तसाच परतला. त्याच्या पुढचाही. मग मावशी गप्प झाल्या.

मला त्या गप्प बसण्याची भीती वाटली. अजून काही होईल असं वाटतं, तोवरच आपण चिडतो. घरातही तसंच असतं. भांडणं थांबली की शेजाऱ्यांना बरं वाटतं, आणि आत कुणीतरी वाट पाहणं सोडून दिलेलं असतं.

मावशी उठल्या, लुगड्याची माती झटकू लागल्या.

"मावशी, सामना संपायचाय अजून."

"पकडले गेले असते ना, तर बसले असते रे मी," त्या म्हणाल्या. "हे तर आत जातच नाहीत."

आम्ही गल्लीत वळलो तेव्हा मागे मोठा गलका उठला. गुण कुणाला मिळाला ते कळेना. मी थांबलो. मावशी थांबल्या नाहीत.