ऑलिंपसवरची पंगत

आमच्या घरात देव नाहीत. बुद्धाची एक मूर्ती आहे, तीसुद्धा देव म्हणून नव्हे. नागपुरात माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आणि घरी येऊन देव्हाऱ्यातलं सगळं नदीत सोडलं. तेव्हापासून कुठल्याच देवाला आमच्या उंबऱ्याच्या आत जागा नाही. इंग्लंडात रीडिंग शहरात घर घेतलं तेव्हा हा नियमही सामानासोबत आला.

आणि तो मोडायला निघाली माझी नऊ वर्षांची मुलगी, तेही ग्रीकांच्या देवांसाठी.

तिच्या वर्गाला त्या टर्ममध्ये प्राचीन ग्रीस होतं. शेवटी ‘ग्रीक डे’. प्रत्येक मुलाने एकेक देव व्हायचं, चार वाक्यं बोलायची, पालकांनी बघायला यायचं. चिठ्ठ्या टाकल्या आणि हिला अथीना आली, शहाणपणाची आणि युद्धाची देवी. पोरगी हवेत! कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचं शिरस्त्राण झालं, आईच्या पांढऱ्या ओढणीचा पोशाख झाला. जेवताना आम्हाला ऑलिंपस पर्वतावरच्या भानगडी ऐकाव्या लागत. कोण कोणावर जळतं, कोणी कोणाला पळवून नेलं. मीही हसत होतो, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस ती म्हणाली, “पप्पा, अथीना ना, झ्यूसच्या डोक्यातून बाहेर आली. म्हणून ती सगळ्यात क्लेव्हर आहे.”

माझा घास हातातच राहिला. कोण मुखातून जन्मलं, कोण पायातून, आणि त्यावरून कोणी कुठे उभं राहायचं, हे आमच्या पिढ्यांनी भोगलेलं. तसलीच गोष्ट माझी लेक हौसेने पाठ करत होती.

“तू देवी व्हायचं नाहीस,” मी म्हणालो.

बायको म्हणाली, “अहो, गोष्टीतले देव आहेत ते. त्यांना आता कोण पुजतंय?” लेक रडत म्हणाली, “पप्पा, त्यांच्यात कोणीच बिलीव्ह करत नाही. म्हणूनच तर ते सेफ आहेत!” दोघींचंही बरोबर होतं. पण तत्त्व डोक्यात शिरलं की मला घरातली माणसं दिसत नाहीत, हा माझा जुना रोग. मी टीचरला ईमेल लिहिली: आमच्या धम्माप्रमाणे माझी मुलगी देव किंवा देवी होणार नाही. पाठवल्यावर आपण आजोबांचे खरे वारस, असं वाटून छाती फुगली. तासाभरात उत्तर आलं. आपल्या श्रद्धेचा आम्ही पूर्ण आदर करतो, तिला देवाचा नसलेला रोल देऊ. इथल्या माणसांचा आदर कधी चुकत नाही.

ग्रीक डेला शाळेच्या हॉलमध्ये माझ्या शेजारी आमच्या ऑफिसातले एक मराठी गृहस्थ बसले होते. त्यांचा मुलगा झ्यूस. त्यांच्या देव्हाऱ्यात आधीच तेहतीस कोटी, त्यात आणखी एकाची काय अडचण! स्टेजवर सगळे देव ओळीने मेजवानीला बसले. मग बाजूच्या दारातून माझी लेक आली. अंगात गोणपाटासारखा तपकिरी झगा, पाय अनवाणी, हातात द्राक्षांचं ताट. एकेका देवापुढे ती वाकली, द्राक्षं वाढली, पेले भरले आणि मागे भिंतीला लागून उभी राहिली. देव खात होते. तिला एकही वाक्य नव्हतं.

मोबाईलवर व्हिडिओ घेत ते गृहस्थ कुजबुजले, “तुमची लेक किती छान करतेय हो!”

त्यांनी मनापासूनच म्हटलं असेल. मला मात्र तो मोबाईल हिसकावून घ्यावासा वाटला. माझे आजोबा लहानपणी गावातल्या पंगती उठेपर्यंत लांब उभे राहायचे, उष्ट्याची वाट बघत. तिथून इथवर यायला तीन पिढ्या लागल्या, आणि लेकीला परत तिथे उभं करायला माझी एक ईमेल पुरली. शाळेला दोष देऊन बघितला. पण मी जे मागितलं तेच त्यांनी दिलं होतं.

गाडीत बसल्यावर तिनेच विषय काढला. “मिस म्हणाली, मी बेस्ट हेल्पर होते. पण पप्पा, ग्रीक्सकडे हेल्पर नसायचे. स्लेव्ह असायचे. आम्ही शिकलोय ते.”

मी किल्ली हातात धरून बसलो.

“तुम्हाला गॉडेस नको होती,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “मग हे ओके होतं?”

मी किल्ली फिरवून गाडी सुरू केली. तेव्हापासून शाळेतलं काहीही ती आईलाच सांगते, आणि मी खोलीत आलो की दोघी विषय बदलतात.