रिखबचंदशेठचा चढलेला गाउट

चाळीसगावच्या रिखबचंदशेठना आपल्या गाउटचा कोण अभिमान! "राजेलोकांचा आजार आहे," म्हणत ते पायाचा सुजलेला अंगठा उशीवर ठेवून मिरवत. पुढे ऐकू कमी येऊ लागलं, तेव्हा मात्र दोष बायकोचा, धनकुंवरबाईंचा. "तोंडात सुपारी धरून बोलतेस का?" असं रोज खडसावून घेता घेता ती मवाळ बाई ओरडून बोलायला शिकली.

शेवटी जळगावच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून कानाच्या पडद्यामागून खडूसारखा पांढरा खडा काढला. "शेठजी, अंगठ्याच्या सांध्यात साठतो तोच हा खडा; तुमचा गाउटच इथवर चढला होता. असं क्वचितच होतं."

कान मोकळा झाला. शेठजी ओट्यावर बसले होते, तर शेजारची यशोदाबाई सुनेला सांगत होती, "शेठाणी भलती कजाग शे माय! बिचारा शेठजी!"

तेवढ्यात आतून गल्ली हादरवणारी हाक आली, "अहो, जेवायला चला!"

शेठजींचा चेहरा पडला. लंगडत उठून ते गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले, "यशोदाबाई, ती कजाग नाही! बहिरा मी होतो!"

मग ताटावर बसून पुटपुटले, "चुकलं माझं."

वरण वाढताना धनकुंवरबाई हळूच म्हणाल्या, "तोंडात सुपारी धरलीय का?"