सात नंबरवरची केळी

हौसाकाकू नसत्या तर मी आज बिनलग्नाचा असतो, आणि कारण विचारलं असतं कुणी तर मला ‘केळी’ असं उत्तर द्यावं लागलं असतं.

हौसाकाकू म्हणजे विट्याजवळच्या आमच्या वाडीतल्या शेजारीण. दोन घरांमध्ये कुंपण आहे, पण ते शेळ्यांसाठी. काकू ते मानत नाहीत. मी आठवीतून शाळा सोडली आणि ओडिशात कटकला गलाईच्या दुकानात आलो (सोनं आगीत गाळून शुद्ध करायचं काम, आमच्या भागातली कितीतरी पोरं देशभर हेच करतात). तेव्हापासून इतक्या लांब बसून मी घराची काळजी करतो. गलाई हा माझा धंदा आणि काळजी हा जोडधंदा. जोडधंदा जास्त चालतो.

त्या वर्षी घरी फ्रिज घेऊन दिला होता. त्यातच माझं लग्न ठरत आलं. मुलगी कराडची, बी.कॉम. झालेली, नाव शुभांगी. वडील निवृत्त सुभेदार. त्यांनी मध्यस्थाला एकच प्रश्न विचारला होता, ‘शिक्षण कमी आहे ते चालेल, पण मुलाला व्यवहार कळतो ना?’ मध्यस्थ म्हणाला, लय कळतो. हे ऐकल्यापासून माझी झोप उडालेली. कारण मला किती कळतं हे मला माहीत होतं.

साखरपुडा रविवारी कराडला, मुलीच्या घरी. आपल्याकडून मुलीची ओटी पाच फळांनी भरायची. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बुधवारीच विट्याच्या बाजारातून फळं आणली: केळी, सीताफळं, चिक्कू, पेरू, डाळिंबं. रविवारपर्यंत बेतानं पिकतील अशी मुद्दाम कच्ची बघून. मी फोनवरून विचारलं, कुठं ठेवलीत? आई म्हणाली, टोपलीत, उघड्यावर.

उघड्यावर! माझ्या डोळ्यांसमोर माश्या, उंदीर, मांजर, मुंग्या आणि सुभेदारसाहेब असे ओळीनं येऊन गेले. मी हुकूम सोडला, सगळी फळं फ्रिजात ठेवा.

घरात दोन तट पडले. आण्णांनी उभा जन्म मेंढरांमागं काढलेला. त्यांचं म्हणणं, फळाला वारं लागतं, मेंढराला लागतं तसं. कोंडलं की आजारी पडतं. शिवाय ‘बर्फात मयत ठेवत्यात, फळं न्हाई,’ असंही ते म्हणाले (शुभकार्याच्या तोंडावर!). आई माझ्या बाजूची, कारण फ्रिज लेकानं दिलेला. हौसाकाकू कुंपण ओलांडून आल्या आणि फोन हातात घेऊन मला म्हणाल्या, “बाळा, केळं थंडीला भितं. आणि कच्चं सीताफळ गारठलं की पिकायचंच इसरतं. भुसकाटात घालून ठेवू.”

मी त्यांना समजावलं. आपल्या सांगली भागात बेदाणा वर्ष-वर्ष कोल्ड स्टोरेजमध्ये राहतो, मग केळी चार दिवस राहणार नाहीत? यावर काकूंनी फोन आईच्या हातात दिला. मला वाटलं, पटलं.

मग आईनं विचारलं, आत एक फिरवायचं बटण आहे, एकपासून सातपर्यंत, कितीवर ठेवू? आता मी भट्टीवरचा माणूस. आमच्या धंद्यात आच जेवढी जास्त तेवढा माल चोख. मी म्हणालो, सातवर ठेव!

सगळी फळं काही मावेनात. दुधाखेरीज सगळं बाहेर काढा म्हणालो, तरी मावेनात. तेव्हा काकू म्हणाल्या, निम्मी माझ्या फ्रिजात ठेवते. मी फोनवरूनच त्यांचे आभार मानले आणि गाडीत बसलो. वाटेत जिथं रेंज मिळेल तिथून विचारत होतो, फळं आत आहेत ना? आई सांगायची, हायत. आण्णा मागून म्हणायचे, पळून कुठं जात्यात.

रविवारी सकाळी घरी पोचलो, बूटसुद्धा न काढता फ्रिज उघडला. केळी काळीकुट्ट. सीताफळं बुधवारी होती तशीच दगड, फक्त रंगानं केळ्यांच्या वळणावर गेलेली. चिक्कू आपटला तर फरशी फुटेल. डाळिंबं आणि पेरू तेवढे ठणठणीत, पण पेरवानं सगळ्या फ्रिजाला आपला वास दिलेला. आण्णांनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाले, “च्यात पेरू कुणी पिळला?”

मी खालीच बसलो. अशी काळी फळं बी.कॉम. मुलीच्या ओटीत घालायची, तीही सुभेदारांसमोर! अपशकुन तर झालाच, वर व्यवहारज्ञानाचा दाखलाही मिळाला. विट्याला जाऊन पिकलेली फळं शोधायला वेळ नव्हता, जीप दारात उभी होती. काकूंच्या फ्रिजातल्या निम्म्यांचीही हीच गत झाली असणार. आई सारखी कुंपणाकडं बघत होती. मी म्हणालो, लग्न मोडलंच असं समजा.

तेवढ्यात काकू डोक्यावर टोपली घेऊन आल्या. पिवळीधमक केळी, डोळे उघडलेली सीताफळं, चिक्कू लोण्यासारखे. मी म्हणालो, काकू, तुमचा फ्रिज कुठल्या कंपनीचा?

“कसला फ्रिज रं? ज्वारीच्या कणगीत, भुसकाटात घातली हुती. आमच्यात फ्रिज कवा हुता?”

हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मग मी दर स्टेशनवरून कणगीची चौकशी केली असती.

खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. पण फळं आता इतकी पिकली होती, की जीपच्या हादऱ्यानं फुटतील अशी भीती मला वाटली. म्हणून सीताफळं टोपलीत वर ठेवून ती टोपली मी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि वरून दोन्ही हातांनी घट्ट धरली. कराडच्या अलीकडे एक गतिरोधक आला. गतिरोधकानं काही केलं नाही. मी घाबरून जास्त दाबलं. दोन सीताफळं माझ्या नव्या पांढऱ्या पँटवर, बियांसकट.

सुभेदार दारात स्वागताला उभे. मी टोपली पोटाशी धरून उतरलो. ते म्हणाले, द्या इकडं. मी म्हणालो, राहू द्या. ते म्हणाले, अहो, ठेवा तरी खाली. मी म्हणालो, जड नाही. असं तीनदा झालं. सासऱ्यांच्या पाया पडायचं होतं, तेही टोपलीसकट अर्ध्यावर वाकून उरकलं. सुभेदारांच्या कपाळावर आठी आली. मध्यस्थ आभाळ बघू लागला. पाहुणे कुजबुजायला लागले, की मुलगा फळं द्यायला तयार नाही.

काकू पुढं झाल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आवं सुभेदार, पोराचा सभावच तसा हाय. जोखमीची वस्तू दुसऱ्याच्या हातात देत न्हाई. तुमची लेकबी अशीच संभाळंल.”

 सुभेदार माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, असा माणूस पाहिजे. तोवर शुभांगीनं आतून एक टॉवेल पाठवला होता. तिला खिडकीतून सगळं दिसलं होतं, आणि तरी ती हो म्हणाली!

आता शुभांगी कटकलाच असते. फळं कुठं ठेवायची ते ती ठरवते. मी फक्त खातो, आणि विचारून खातो.

हौसाकाकूंचे उपकार मी एक दिवस फेडणार, हे इथं लिहून ठेवतो. मागच्या दिवाळीला त्यांना विचारलं, काकू, तुमच्यासाठी काय करू? त्या म्हणाल्या, “फोनवरनं सल्लं देऊ नगंस, तेवढ्यात फिटलं सगळं.”

तेवढं सोडून त्यांनी काहीही मागावं. मागेपर्यंत मी रोज फोन करून विचारणार आहे.