कोबी-पनीरच्या करंज्या

बँकेतून निवृत्ती घेतल्यावर मी विद्यापीठात चिनी शिकायला जाऊ लागले. वर्गात आम्ही अकरा जण. दहा आयटीतली मुलं-मुली आणि मी, सगळ्यांची काकू. शिकवणारी चीनहून आलेली, माझ्या लेकीच्या वयाची. शनिवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहायची.

भाषेबरोबर ती सणही शिकवायची. त्यांचं वर्ष माघाच्या तोंडाशी, अमावास्येला बदलतं. त्या संध्याकाळी घरातलं माणूस कुठंही असो, जेवायला घरी येतं. तिला जाणं जमणार नव्हतं, म्हणून तिनं आम्हाला बोलावलं. उकडलेल्या करंज्या करणार होती. मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हा लोकांना काय चालत नाही?" मी सांगितलं, काहींना मांस, मला कांदा-लसूणही. तिनं वहीत टिपून घेतलं.

त्यानंतरच्या तासाला तिनं मला फळ्यापाशी उभं करून एकच वाक्य आठ वेळा म्हणायला लावलं. चिनीत सुरावर शब्दाचा अर्थ बदलतो, आणि माझा प्रत्येक वेळी सूर चुकला. मुलं हसली. तीही हसली, जरासं.

तेवढंच कारण. आता लिहिताना लाज वाटते.

आम्हा अकरा जणांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "काकू, कसं जायचं उद्या?" मी लिहिलं, "अमावास्या आहे. शिवाय तिच्याकडे काय शिजत असेल देव जाणे. मी नाही येत." पाठोपाठ उत्तरं आली, "काकू नाहीत तर आमचंही रद्द." मग एकानं लिहिलं, "मॅडमना काकू सांगतील." मी वाचलं आणि सांगितलं नाही.

अमावास्या मी कधीच पाळली नाही. त्या संध्याकाळी वारज्याहून नवऱ्याबरोबर खडकवासल्याला गेले, धरणाकाठी कांदाभजी खाल्ली. हो, कांदाभजी. फोन दोनदा वाजला, तो पर्समध्येच राहू दिला.

पुढच्या तासाला तिनं टेबलावर स्टीलचा डबा ठेवला. "कोबी आणि पनीर," ती म्हणाली. "कांदा-लसूण नाही." करंज्या गार होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. सगळ्यांनी मान खाली घालून खाल्ल्या. न राहवून एक मुलगा म्हणाला, "सॉरी मॅडम, अमावास्या होती. काकू म्हणाल्या, जायचं नसतं."

ती माझ्याजवळ आली. पहिल्या आठवड्यात शिकवलेल्या शब्दांत, सावकाश, मला कळेल असं म्हणाली, "माफ करा. मी आधी विचारायला हवं होतं."

खरं सांगायला एवढी सोपी वेळ पुन्हा आली नाही. उन्हाळ्यात ती मायदेशी गेली. नंबर आहे माझ्याकडे, अजून.

तेव्हा मी उत्तर दिलं होतं, चिनीत, "हरकत नाही."

तिचा चेहरा उजळला. "आज सूर अगदी बरोबर," ती म्हणाली, आणि डब्यातली शेवटची करंजी माझ्या हातावर ठेवली.