परत आलेला प्रत्येक मेल वाचणाऱ्या मोहिते मॅडम

मोहिते मॅडमची आणि माझी पहिली भेट साकीनाक्याला, आमच्या शिष्यवृत्ती संस्थेच्या ऑफिसात झाली. मी नवीन रुजू झालेला संगणकवाला. नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "काल किती मेल परत आले?" मी म्हणालो, "येतात थोडेफार." झालं! पुढे तासभर त्यांनी माझी शाळा घेतली. साठीच्या गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात, पण खरं सांगतो, मॅडमनी आमच्या डोक्याला जेवढा ताप दिला तेवढा आजवर कुणी दिलेला नाही.

मुळात हे मेल पोचवणं म्हणजेच वैताग. एका मेल कंपनीची पेटी 'असा पत्ताच नाही' म्हणून मेल परत करते, दुसरी 'आत्ता नको, नंतर पाठवा' म्हणते, तिसरी निमूट घेते आणि स्पॅममध्ये कोंबते. त्यात कुणी स्पॅमचं बटण दाबून तक्रार केली की नाव आपलंच खराब. तक्रारी वाढल्या की सगळ्याच मुलांची पत्रं अडतात. म्हणून मॅडमचा नियम असा, की परत आलेला प्रत्येक मेल कारणासकट वाचायचा, आणि तक्रार करणाऱ्याला पुन्हा मेल नाही म्हणजे नाही.

एकदा मुलाखतीची बोलावणी पाठवली होती. हाताशी दोनच दिवस. परत आलेले सगळे पत्ते मी कंटाळून एका फटक्यात यादीतून उडवले. मॅडमनी ते पाहिलं मात्र! "अहो, 'नंतर पाठवा' म्हणजे मेला का तो पत्ता?" एकेक पत्ता तपासून परत घालायला लावला. तेवढ्यात गोवंडीच्या प्रणाली नावाच्या मुलीच्या पत्त्यावरून तक्रार आली. अर्जातला फोनही बंद.

मी म्हटलं, "माझ्या मेलवरून पाठवतो ना. कुणाला कळतंय?"

"त्यांनी मेल नको म्हटलंय. आपण ऐकायचं."

"मग मुलाखत गेली ना तिची!"

"मुलाखत नको असं कुठे म्हटलंय त्यांनी? प्रिंट काढा आणि चला."

भर दुपारी, मॅडमच्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी, रिक्षाने गोवंडी. तीन गल्ल्या चुकलो. मी चरफडत मागे, मॅडम पुढे. दार वडिलांनी उघडलं. सगळं ऐकून ओशाळले. "रोज फसवणुकीचे मेल येतात हो. मीच दाबलं ते बटण." आतून प्रणाली धावत आली. "पप्पा, याचीच तर वाट बघत होते ना मी!" आणि पत्र हातात घेऊन रडायलाच लागली. मॅडम वडिलांना म्हणाल्या, "तुम्ही बरोबरच केलंत. अनोळखी मेलवर विश्वास ठेवूच नये." मला मात्र परतीच्या वाटेवर पुन्हा बोलणी बसली.

प्रणालीला शिष्यवृत्ती मिळाली. आज ती पवईत इंजिनीअर आहे.

मॅडम, त्या दिवशी तुम्ही नसता, तर यादीतलं तिचं नाव खोडून मी निवांत डबा खायला बसलो असतो आणि मला काही वाटलंही नसतं. आठवलं की आजही स्वतःचीच लाज वाटते. तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, ते गुडघे धड राहोत, आणि निवृत्तीनंतरही आम्हाला छळायला ऑफिसात येत जा. आम्ही कुरकुरणारच. तरी या.